सातशे ओळींचा इंटरप्ट हँडलर : हात कुठून घालायचा?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर सांगशील. तुमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात मशीनवरची मापं घेणारं एक पीसीआय कार्ड (पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारं) आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर चार जणांनी एकामागून एक लिहिला आणि चौघेही आता पुण्याला गेले. इंटरप्ट (कार्डाने सीपीयूला वाजवलेली बेल) आला की धावणारा कोड, म्हणजे इंटरप्ट हँडलर, एकच, सातशे ओळींचा. चार चॅनेल, सिरियल पोर्ट, इमर्जन्सी स्टॉपचं बटण, सगळं त्याच्याच पोटात. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ वरून ६.१२ वर न्यायचं आहे, जमलं तर रिअल-टाइम (वेळेत हमखास उत्तर देणारं) करून. साहेब म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नकोस. आणि तू विचारतेस, "सर, सगळं थ्रेडेड इंटरप्टमध्ये टाकलं की सुटेल ना? सुरुवात कुठून करू?"

थ्रेडेड इंटरप्ट म्हणजे हँडलरचं बरंचसं काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवणं. तेवढ्याने सुटणार नाही. आणि साहेबांचं निम्मं खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नकोस.

साध्या कोडमध्ये फंक्शनला काय लागतं ते त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये दिसतं. इंटरप्टच्या कोडमध्ये निम्म्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात. त्या क्षणी इंटरप्ट बंद आहेत की चालू, कोणतं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात आहे, इथे झोपलेलं (सीपीयू दुसऱ्याला देऊन थांबलेलं) चालतं का, चिपचं स्टेटस वाचून झालंय की अजून व्हायचंय. ओळी उचलून दुसरीकडे नेल्या की हे न लिहिलेलं सामान जुन्या जागीच राहतं. कंपायलर गप्प, टेबलावरची चाचणी पास, आणि तीन आठवड्यांनी रात्रपाळीवरून फोन. म्हणून पहिलं काम हे सामान कागदावर आणायचं. कोड नंतर हलवायचा.

हे मी अक्कल विकत घेऊन शिकलोय. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर आमचं काउंटरचं बोर्ड होतं. त्याची इंटरप्टची तार जीपीआयओ पिनवर, एज-ट्रिगर (सिग्नल बदलतो त्या क्षणी एकदाच वर्दी). जुन्या हँडलरमध्ये आधी स्टेटस वाचायचं, लगेच क्लिअर करायचं आणि मग फिफो (आलेल्या मापांची रांग) रिकामा होईपर्यंत उपसायचा, असा क्रम होता. मला तो विचित्र वाटला. आधी झाडून-पुसून घ्यावं आणि शेवटी दिवा मालवावा, तसं मी फिफो आधी उपसून क्लिअर शेवटी नेलं. फंक्शनही छान छोटी छोटी झाली. ऑफिसात टेबलावर आठ तास चालवलं, काही नाही. प्रेसवर दोन दिवसांनी मशीन मधूनच थांबायला लागलं. ऑपरेटरने त्याच्यापुरता उपायही शोधला होता: पत्रा हाताने जरा पुढे ढकलला की मशीन परत चालू व्हायचं. "थोडं ढकलावं लागतं साहेब," असं तो मला अगदी सहज म्हणाला.

झालं होतं ते असं. फिफो रिकामा आहे हे मी शेवटचं तपासलं, त्यानंतर आणि क्लिअर करण्याआधीच्या फटीत एक नवीन पल्स आला. माझ्या क्लिअरने जुन्या खुणेबरोबर त्याचीही खूण पुसली. फिफोत एक माप पडून राहिलं आणि त्याची वर्दी मात्र कोणी देईना. पत्रा ढकलला की पुढचा पल्स यायचा आणि त्याच्याबरोबर जुनंही उपसलं जायचं. तीन रात्री गेल्या. दुरुस्ती काय, तर एक ओळ परत वर नेली.

एज आणि लेव्हल यातला फरक नव्या मुलांना मी असा सांगतो: कुरिअरवाला एकदाच बेल वाजवतो, उघडलं नाहीत तर चिठ्ठी टाकून निघून जातो. दूधवाला महिन्याचे पैसे मिळेपर्यंत दारातून हलत नाही. एजवर तू एक वर्दी हुकवलीस तर ती गेलीच. लेव्हलवर हुकत नाही, पण कारण मिटवल्याशिवाय हँडलरमधून बाहेर पडलीस तर तीच बेल पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि सीपीयू दुसरं काही करूच शकत नाही. तुझं कार्ड जुन्या पद्धतीच्या पीसीआय तारेवर असेल तर ते लेव्हल आहे, शिवाय ती तार दुसऱ्या कार्डांबरोबर वाटून घेतलेली असू शकते. एमएसआय (तारेऐवजी संदेश पाठवून दिलेला इंटरप्ट) वापरत असेल तर तो एजच्या वळणाचा, आणि कोणाशी वाटून घेतलेला नसतो. /प्रॉक/इंटरप्ट्स उघडून हे आजच बघ. पुढचे निम्मे निर्णय त्यावरच ठरतील.

आता वही काढ. खरंच कागदाची, कारण हे काम स्क्रीनवर होत नाही असा माझा अनुभव आहे. हँडलर ज्या ज्या व्हेरिएबलला आणि रजिस्टरला (चिपमधल्या खान्याला) हात लावतो त्यांची यादी डावीकडे. उजवीकडे रकाने: हार्ड इंटरप्ट, टायमर किंवा टास्कलेट (इंटरप्टनंतर लगेच करायचं पुढे ढकललेलं काम), यूजरकडून येणारे रीड आणि आयओसीटीएल (कार्डाला दिलेले आदेश), प्रोब (ड्रायव्हर जोडताना), रिमूव्ह (काढताना). कोण वाचतो, कोण लिहितो, कोणतं लॉक घेऊन. एका दिवसात होईल. मी आजवर असे जेवढे तक्ते केले, त्या प्रत्येकात एक तरी खाना असा निघाला की तिथे दोघे लिहितात आणि लॉक एकाकडेच आहे. तो बग जुना असतो, तुझा नसतो. पण तो आधी वेगळ्या पॅचमध्ये (कोडच्या सुट्या बदलात) दुरुस्त कर. तुझ्या रिफॅक्टरिंगमध्ये (कोडची फक्त मांडणी बदलण्यात) मिसळलास तर पुढे बायसेक्ट करणाऱ्याला (कोणत्या पॅचने बिघडलं ते शोधणाऱ्याला) काही कळणार नाही, आणि तो पुढे बायसेक्ट करणारा बहुधा तूच असशील.

तक्त्यातली गृहीतकं मग कोडमध्ये उतरव, तीही अजून काहीही न हलवता. जिथे लॉक हातात असायला हवं तिथे लॉकडेप_असर्ट_हेल्ड, जिथे झोपता येणं गरजेचं आहे तिथे माइट_स्लीप. डीबग कर्नलमध्ये प्रूव्ह लॉकिंग आणि डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप हे दोन्ही पर्याय चालू कर आणि जुनाच ड्रायव्हर एक दिवस फिरव. लॉकडेप म्हणजे कर्नलमधला लॉक तपासणारा भाग. त्याची गंमत ही की डेडलॉक प्रत्यक्ष घडावा लागत नाही. एकच लॉक एकदा इंटरप्टमध्ये घेतलं आणि दुसरीकडे इंटरप्ट चालू ठेवून घेतलं, एवढं त्याला दिसलं की तो लगेच बोंब मारतो. तुमचं जुनं इंडस्ट्रियल पीसी एका कोरचं आणि कर्नलही एसएमपीशिवायचं (एकाच कोरपुरतं) असेल, तर तिथे स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता जागीच फिरत थांबायचं लॉक) जवळजवळ नावापुरतंच होतं. चार कोरवर आल्यावर ते पहिल्यांदा खरं काम करायला लागेल. त्यामुळे "इतकी वर्षं चाललं" याला लॉकच्या बाबतीत काही अर्थ नाही, हे साहेबांना सांगायला हरकत नाही.

याच फेरीत कोडमध्ये "मी इंटरप्टमध्ये आहे का" असं विचारणारं इन_इंटरप्ट() शोध. तू पाठवलेल्या तुकड्यात दोनदा दिसलं मला. "इंटरप्टमध्ये असू तर अ‍ॅटॉमिक मेमरी माग, नसू तर साधी" असं लिहिलंय. थ्रेडेड हँडलरमध्ये गेलीस की या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं यायला लागतं, आणि स्पिनलॉक हातात असतानाही कोड साधी, झोपू शकणारी मेमरी मागायला जातो. फंक्शनने आपण कुठे आहोत हे चाचपडत बसू नये, बोलावणाऱ्याने सांगावं. २०२० पासून कर्नलवाले ही चाचणी ड्रायव्हरांतून वेचून काढतायत, त्यामागचं कारण हेच आहे.

आता हलवाहलव. एका पॅचमध्ये एक तर फक्त हलवायचं, किंवा फक्त वागणूक बदलायची. दोन्ही एकत्र कधीच नाही. चॅनेलचा भाग वेगळ्या स्टॅटिक फंक्शनमध्ये काढलास आणि त्याला बोलावणारी जागा एकच असेल, तर कंपायलर बहुतेकदा तो परत आत ओढून घेतो. मग आधीच्या आणि नंतरच्या ऑब्जेक्ट फायलीचं डिसअसेंब्ली (मशीन कोडची वाचता येणारी यादी) काढून ताडून बघ. ओळींचे क्रमांक सोडले तर अनेकदा तंतोतंत तेच निघतं, आणि मग त्या पॅचबद्दल कोणाशी वाद घालायची वेळच येत नाही. फरक निघाला तर तो दहा-वीस इन्स्ट्रक्शनचा असतो, वाचून काढता येतो. हे जरा म्हातारपणाचं वाटेल, पण साहेबांचा विश्वास मिळवायला याच्याइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

हलवताना तुला काही "निरुपयोगी" ओळी दिसतील. तू त्यातली एक विचारलीच आहेस: अ‍ॅक (पोच देण्याच्या) रजिस्टरमध्ये लिहिल्यावर लगेच तेच रजिस्टर वाचलंय आणि उत्तर कुठेच वापरलेलं नाही, काढून टाकू का? काढू नकोस. पीसीआयवरचं लिहिणं पोस्टेड असतं. सीपीयूच्या दृष्टीने लिहून झालं तरी ते वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळत असू शकतं. कार्डाला अ‍ॅक पोचायच्या आत तू हँडलरमधून बाहेर पडलीस तर तार अजून वरच असते आणि एक भुताटकीचा इंटरप्ट परत येतो. वाचण्याने ते लिहिणं कार्डापर्यंत पोचवलं जातं, कारण वाचणं त्याला ओलांडून जाऊ शकत नाही. काही चिपांवर तर रजिस्टर नुसतं वाचल्यानेच क्लिअर होतं. अशा ओळीवर कॉमेंट टाक, तिचं कारण लिही, आणि कारण सापडलं नाही तर "डेटाशीट बघून ठरवायचं" असं तरी लिही.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे प्रिंट. सिरियल कन्सोलवर ११५२०० बॉडला एका अक्षराला जवळपास ८७ मायक्रोसेकंद लागतात. साठ अक्षरांची ओळ म्हणजे पाच मिलिसेकंदांहून जास्त, आणि हँडलरमधल्या प्रिंटकेच्या (कर्नलच्या प्रिंटच्या) वेळी हा सगळा वेळ त्या कोरवर इंटरप्ट बंद राहू शकतात. काढायलाच हवी. पण "प्रिंट काढली की सिरियल बिघडतो" असं तुमच्याकडे कोणी म्हणत असेल तर ती अंधश्रद्धा समजू नकोस. तो उशीर कुठल्या तरी शर्यतीवर (दोन कामांतलं आधी कोणतं होतं यावर निकाल बदलणाऱ्या दोषावर) पांघरूण घालून बसलाय. आधी ती शर्यत शोध. प्रिंटच्या जागी ट्रेस_प्रिंटके टाक, ती कन्सोलवर न जाता मेमरीतल्या बफरमध्ये लिहिते.

लॉकपाशी जरा थांबतो, कारण तुझा खरा घाम इथे गाळला जाणार आहे. सध्या एकच ग्लोबल स्पिनलॉक सगळं राखतंय. थ्रेडेड केल्यावर हँडलरचे दोन भाग होतील. वरचा भाग अगदी आखूड: हा इंटरप्ट आपल्या कार्डाचा आहे का ते बघायचं, नसेल तर आयआरक्यू_नन ("माझा नाही" हे उत्तर), असेल तर कार्डावरचे इंटरप्ट मास्क (तात्पुरते बंद) करून थ्रेडला उठवायचं. उरलेलं सगळं थ्रेडमध्ये. मग वरच्या भागाला फक्त मास्क रजिस्टरपुरतं लॉक लागतं आणि थ्रेडला डेटापुरतं. ती दोन वेगळी लॉक कर. डेटाच्या लॉकला मग इंटरप्ट बंद करायची गरजच उरत नाही, थ्रेड आणि आयओसीटीएल एवढेच त्यात असतील तर म्युटेक्ससुद्धा (झोपून वाट बघायचं लॉक) चालेल. मास्कचं लॉक मात्र इंटरप्ट बंद करूनच घ्यायचं.

रिअल-टाइमचं म्हणशील तर ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी (कर्नल रिअल-टाइम करणारा पर्याय, थोडक्यात आरटी) मुख्य कर्नलमध्ये आहे, बाहेरचा पॅच लावत बसायला नको. पण तिथे साधं स्पिनलॉक हे झोपू शकणारं लॉक होतं आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह नाव तेच ठेवूनही सीपीयूचे इंटरप्ट बंद करत नाही. तुमच्या कोडमध्ये आधी लोकल_आयआरक्यू_सेव्ह आणि मग स्पिन_लॉक, असं दोन पायऱ्यांत केलेलं आहे. साध्या कर्नलवर हे दोन कॉल आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह एकच. आरटीवर मात्र आधी तू खरोखर इंटरप्ट बंद करतेस आणि मग झोपू शकणारं लॉक मागतेस, म्हणजे तक्रार ठरलेली. तेव्हा हे जोड सगळीकडे एका कॉलमध्ये आण, हा पॅच ४.१९ वरच करून टाक. जो भाग आरटीवरही खऱ्या हार्ड इंटरप्टमध्ये राहणार आहे तेवढ्यालाच रॉ स्पिनलॉक (आरटीवरही न झोपणारं). आणि ते एका रजिस्टरसाठी, शंभर ओळींसाठी नाही.

इंटरप्ट नोंदवताना द्यायच्या वनशॉट फ्लॅगबद्दल विचारलंस. वरचा भाग दिलाच नाहीस आणि वनशॉटही नाही दिलास, तर कर्नल बहुतेक ठिकाणी नोंदणीच नाकारतो. लेव्हलच्या तारेवर थ्रेड उठायच्या आत तीच तार पुन्हा इंटरप्ट टाकत राहील म्हणून. वनशॉट दिलं की थ्रेड संपेपर्यंत तार मास्क राहते. पण तार वाटून घेतलेली असेल तर तुझ्या थ्रेडपायी शेजारच्या कार्डाचीही बेल बंद. म्हणून वर सांगितलं तसं कार्डावरच मास्क करणं बरं. आणि आयआरक्यू_नन प्रामाणिकपणे परत कर. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच आपले म्हटले नाहीत तर कर्नल ती तार बंद करतो. हँडलर प्रत्येक वेळी "माझाच" म्हणत असेल तर हे संरक्षण आंधळं होतं. तुमचा जुना हँडलर शेवटच्या ओळीत नेमकं तेच करतोय.

इमर्जन्सी स्टॉपचं बटण हँडलरमध्ये बघून मी जरा दचकलोच. मशीन थांबवायचं काम सेफ्टी रिलेने तारेतून करायचं असतं. लिनक्सला फक्त कळवायचं की थांबलं. तुमच्याकडे तसंच आहे ना, एवढं इलेक्ट्रिकलच्या माणसाला विचारून घे. नसेल तर रिफॅक्टरिंग राहू दे, आधी ते.

एवढ्या मोठ्या गाठोड्याचे तुकडे कोणत्या रेषांवर पाडायचे, हे शिकायला कर्नलमध्येच एक उत्तम नमुना आहे. पूर्वी जवळजवळ सगळा इंटरप्टचा प्रवाह __डू_आयआरक्यू नावाच्या एका फंक्शनमधून जायचा. एज, लेव्हल, प्रत्येक सीपीयूचा वेगळा, सगळ्यांची सोय एकाच ठिकाणी, तुझ्या सातशे ओळींसारखीच. इन्गो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी २००६ मध्ये कर्नल २.६.१८ मध्ये जेनआयआरक्यू ही नवी मांडणी आणली. त्यात त्यांनी तीन गोष्टी सुट्या केल्या: कंट्रोलर चिपला मास्क आणि अ‍ॅक कसं करायचं, एज किंवा लेव्हलचा क्रम काय, आणि ड्रायव्हरचं स्वतःचं काम. मला त्यातलं जास्त आवडतं ते हे, की जुनं फंक्शन त्यांनी लगेच मारलं नाही. नवीन आणि जुनं शेजारी शेजारी नांदलं, एकेक आर्किटेक्चर सावकाश पलीकडे गेलं, आणि शेवटचं गेल्यावर २०११ मध्ये ते काढलं. पाच वर्षं. लॉकडेपही त्याच २.६.१८ मध्ये आलं.

याच्या उलट वळणाचं उदाहरणही २००६ चंच. २.६.१९ मध्ये हँडलरचं तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे रजिस्टरांचा संच, एका झटक्यात शेकडो ड्रायव्हर फायलींतून काढलं गेलं. तो कोणी फारसा वापरतच नव्हता, आणि ज्या मोजक्यांना लागायचा त्यांच्यासाठी तो प्रत्येक सीपीयूच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला. तो बदल यांत्रिक होता, सुटलेल्या जागा कंपायलर दाखवत होता, म्हणून एका झटक्यात जमला. तुझ्याकडे चॅनेलच्या भागाला पहिली पद्धत लाव. आर्ग्युमेंट आणि नावं बदलायला दुसरी.

मोजल्याशिवाय यातलं काही करू नकोस. नाशकात गोदावरीला पूर आला की आपण आकडे विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. तशी तुला एक न हलणारी खूण हवी. एफट्रेस या कर्नलच्या माग काढणाऱ्या साधनातला आयआरक्यूसऑफ ट्रेसर इंटरप्ट जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिले ते धरून ठेवतो आणि कोणत्या फंक्शनपायी तेही दाखवतो. जुन्या ड्रायव्हरवर, मशीन पूर्ण वेगात असताना, एक पूर्ण पाळी तो चालू ठेव आणि आकडा वहीत लिही. प्रत्येक पॅचनंतर तीच पाळी, तेच मशीन. आरटी कर्नलवर जोडीला सायक्लिकटेस्ट (उशीर मोजणारा प्रोग्राम) लाव. इंटरप्टच्या थ्रेडचा अग्रक्रम न सांगता फिफो ५० असतो (इथे फिफो म्हणजे मापांची रांग नाही, सीपीयू वाटून देण्याची रिअल-टाइम पद्धत). तुमचा कंट्रोल लूप त्याहून वर ठेवलेला असेल आणि तो कधी सीपीयू सोडतच नसेल, तर मापं उशिरा येतील आणि दोष ड्रायव्हरवर येईल.

शेवटी रिमूव्हची वाट, कारण तिकडे कोणी बघत नाही. तुमच्या कोडमध्ये इंटरप्ट डेव्हमच्या (घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या) कॉलने घेतलाय आणि बफर रिमूव्हमध्ये हाताने सोडलाय. डेव्हमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटतात, म्हणजे बफर गेला तरी इंटरप्ट जिवंत असतो. त्या फटीत एक इंटरप्ट आला की कर्नल पडलंच. बफरही डेव्हमने घे, आणि इंटरप्टच्या आधी घे, म्हणजे उलट क्रमाने सुटताना इंटरप्ट आधी जाईल. डीबग शेअर्ड आयआरक्यू हा पर्याय चालू ठेव. वाटून घेतलेला इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एकदा हँडलरला बोलावतो, असली चूक तिथेच उघडी पडते. आणि हँडलरच्या आतून स्वतःचाच इंटरप्ट डिसेबल_आयआरक्यूने बंद करू नकोस. ते फंक्शन हँडलर संपायची वाट बघतं, म्हणजे तू स्वतःचीच वाट बघत बसशील. तिथे वाट न बघणारं, नोसिंकवालं.

पहिला पॅच हा रिमूव्हचाच कर. तीस ओळींच्या आत बसेल आणि एका पीसीवर मॉड्यूल काढण्या-घालण्याची लूप रात्रभर लावून सिद्धही करता येईल. दुसरा पॅच इन_इंटरप्ट() काढण्याचा. तिसऱ्याच्या आधी वहीतल्या तक्त्याचा फोटो पाठव. रविवारी मी गंगापूर रोडलाच असतो, मिसळ खाता खाता लॉकचे रकाने बघू.